साडूभाऊंची तुर्की

आमच्या साडूभाऊंइतका पक्का माणूस अख्ख्या लातूर जिल्ह्यात सापडायचा नाही. सरकारी कचेरीत जन्म गेला. आधी कच्चा मसुदा, मग तपासणी, मग स्वच्छ प्रत, त्याशिवाय यांच्या टेबलावरून कागद कधी हलला नाही. रिटायर होऊन रेणापूरला घर बांधलं, तेव्हा गवंड्यालासुद्धा सूचना लेखी! मुलगा नोकरीला तुर्कस्तानात गेला, तिथलीच मुलगी केली, आणि नात झाली ती तुर्कीशिवाय काही बोलेना. तिच्याशी बोलायचं म्हणून हा गृहस्थ सत्तरीच्या तोंडावर तुर्की शिकायला बसला. "पाव्हणं, आपल्या विभक्त्या आठ, त्यांच्या सहाच. दोन वाचल्या!" असा नांदेडला मला मुद्दाम फोन. आठवड्यात आवाज उतरला. "ते लोक 'माझं-तुझं'बी शब्दाच्या शेपटालाच बांधून राहिले हो. घर म्हंजे एव, माझं घर एविम, माझ्या घरात एविमदे. आता बोला!" मग घरभर चिठ्ठ्या. फ्रिज, कपाट, देव्हारा, कशाचीच सुटका नाही. मेव्हणी मला म्हणाली, "दाजी, डब्यावर मिठाची बारा रूपं लिवलीत, पण डब्यात मीठ न्हाई."

गेल्या दिवाळीत मी रेणापूरला होतो, तेव्हा नात बापाबरोबर पंधरा दिवसांसाठी आली. पाच वर्षांची, भारी चुणचुणीत. तिनं काही विचारलं की हे वही उघडायचे, मसुदा लिहायचे, प्रत्यय तपासायचे. तोवर पोर अंगणात. मेव्हणीला तुर्कीचा गंध नाही, पण "ये गं माय, धपाटं खा" म्हणायची, आणि नात दिवसभर तिच्या पदराला. शेवटी मी चिडलोच. "अहो, चुकलं तर चुकलं! पोरगी काय तुमची चौकशी लावणार आहे?"

"तसं न्हाई पाव्हणं," ते हळूच म्हणाले. "चुकीचं बोललो अन् ती हसली, तर पुन्हा तोंड उघडायचं न्हाई माझ्यानं." मला फार वाईट वाटलं.

जायच्या दिवशी हैदराबादच्या विमानतळाला जायची गाडी दारात आली. नात आजीला बिलगली, मग आजोबांपुढे येऊन थांबली. साडूभाऊंचे ओठ हलले. मनात तपासणी चालू होती. तोवर मुलानं तिला उचलून गाडीत बसवलं. गाडी वळणाआड गेली आणि मग हे मोठ्यांदा, कुठंही न अडखळता म्हणाले, "बिझिम एविमिझे यिने गेल."

माझ्याकडे वळले. "म्हंजे, आमच्या घरी परत ये. बरोबर हाय ना?"

मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. "एकदम बरोबर हाय," मी म्हणालो.