आधी पाणी हललं का ते बघ

खतिजाआपांची आणि माझी पहिली खरी भेट भर दुपारी त्यांच्या अंगणात झाली, आणि तेव्हा माझ्या पायांत चप्पलही नव्हती. कळमनुरी तालुक्यातल्या त्यांच्या गावी, जिल्हा परिषदेच्या शाळेवर मी नुकतीच रुजू झाले होते. आपा याच शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांच्याच घराची रस्त्याकडची खोली मी भाड्याने घेतली होती. यजमान नोकरीसाठी पुण्यात, त्यामुळे खोलीत मी आणि माझी चार वर्षांची मुलगी चिऊ, अशा दोघीच.

आमच्या भागात अधूनमधून जमिनीतून आवाज येतो, हे आपांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाच्या बहुतेक वाचकांना सांगायला नको. बाहेरच्यांसाठी एवढंच सांगते, की खोल कुठेतरी मोठं जातं फिरल्यासारखी घरघर होते, पत्रे थरथरतात, फळीवरची भांडी वाजतात आणि सगळं गाव अंगणात येतं. त्या दुपारी ती घरघर ऐकून मी चिऊला उचललं आणि बाहेर पळाले. बाहेर कोणीच नव्हतं. समोरच्या शेळ्या निवांत रवंथ करत होत्या. आपा बाजेवर शेवया वाळत घालत होत्या.

"काय झालं बाई?" त्यांनी विचारलं.

"आवाज आला ना आत्ता!"

"न्हाई आला," आपा म्हणाल्या.

त्यानंतर तो मला रोजच यायला लागला, आणि एकटीलाच. फळ्यावर लिहिताना, कणीक मळताना, चिऊची वेणी घालताना. आधी घरघर, मग विचारांची रांग: आता भिंत पडणार, चिऊ आत आहे, आपण पोचणार नाही. पुढे पुढे तर विचार आधी येई आणि जमीन त्याला होकार दिल्यासारखी मागून घुरघुरे. शाळेत मी मुलांना विज्ञान शिकवत होते. हे सांगायचं तरी कोणत्या तोंडाने? नोकरी सोडून कनेरगाव नाक्याला माहेरी निघून जावं, एवढंच मनात घोळत राही.

मग एका दुपारी खेळता खेळता चिऊ थांबली. तिने फरशीला कान लावला आणि माझ्याकडे न बघताच हळू आवाजात म्हणाली, "आई, आला." मला काहीही ऐकू आलं नव्हतं. पत्रे गप्प होते, भांडी गप्प होती. तिच्या चेहऱ्यावर मात्र माझाच चेहरा होता. त्या क्षणी मी जेवढी घाबरले तेवढी आयुष्यात कधी घाबरले नाही. माझी भीती लेकराच्या कानात उतरली होती.

तिला काखेत घेऊन मी आपांच्या दारात गेले आणि धाय मोकलून रडले. आपांनी धीर वगैरे काही दिला नाही. घाबरू नका, असं त्या कोणालाच म्हणत नाहीत. त्यांचे जुने विद्यार्थी सांगतात, की परीक्षेला थरथर कापणाऱ्या पोराजवळ त्या जाऊन उभ्या राहत आणि एवढंच म्हणत, "आधी तुझं नाव लिही. हात चालू झाला की डोकं मागून येतंय." मलाही त्यांनी कामच दिलं. स्टीलची एक वाटी काठोकाठ पाण्याने भरली आणि माझ्या हातात ठेवली.

"सकाळी उठल्याबराबर ही भरायची. आवाज आला की आधी पाणी हललं का ते बघ. हललं तर लेकरू घेऊन बाहेर पड. न्हाई हललं, तर तो जमिनीतला न्हाई, आपल्यातला हाय. मग समोर दिसंल ते काम करायचं. झाडायचं, निवडायचं, कायबी."

मी शहाणीने ती वाटी खिडकीत ठेवली, रस्त्याकडच्या. सुगीचे दिवस. सोयाबीनने भरलेला ट्रॅक्टर गेला की पाणी हले आणि मी चिऊला घेऊन अंगणात. आपांना हसू आवरेना, त्यांनी तोंडाला पदर लावला. "अगं, तू तर सोयाबीनला घाबरून राहिलीस!" मग वाटी आतल्या कोपऱ्यात गेली.

आता खरी परीक्षा सुरू झाली. कानात घरघर आणि समोर आरशासारखं निश्चल पाणी. हे दृश्य काही कमी भयाण नव्हतं, उलट जास्तच होतं. खोली गरजते आहे आणि पाण्यावर एक सुरकुती नाही! मी झाडू घ्यायचे. खोली आधीच लख्ख असायची, तरी झाडायचे. झाडून होईतो आवाज कधी विरला ते कळायचं नाही, कधी विरायचाही नाही.

संध्याकाळची सवयही आपांचीच. माझ्या दाराशी येऊन त्या विचारत, "आज काय बरं झालं?" मोठं काही नको, भाकरी फुगली तरी चाले. एके दिवशी मला काहीच सुचेना. आपा उभ्याच राहिल्या. आत चुलीवर दूध उतू गेल्याचा वास आला तरी हलल्या नाहीत. शेवटी मी म्हणाले, "तुम्ही थांबलात, हे बरं झालं." तेव्हा कुठे त्या आत गेल्या.

आणि मग एका सकाळी पाणी हललं. वाटीत कडेपासून वलयं उठली, पत्रे वाजायला लागले. मी चिऊचं बोट धरलं आणि चालत बाहेर आले. पळाले नाही, हे बाहेर आल्यावर लक्षात आलं. सगळं गाव अंगणात होतं. घरघर थांबली. सगळे थोडा वेळ वाट बघत उभे राहिले. मग चिऊने दारातून आत डोकावलं. "आई, पाणी थांबलं. चल," म्हणाली आणि माझ्या पुढे आत गेली.

आज ती सातवीत आहे. फरशीवर मस्त घोरत झोपते.

या ग्रंथाचं ठरल्यावर मी आपांना सांगायला गेले. अंगणात ऊन होतं, त्या बशीत चहा ओतत होत्या. मी सहज विचारलं, "आपा, ही वाटीची युक्ती तुम्हाला सुचली कशी?"

"जमीन घुरघुरायला लागली त्याच्या लई आधीची हाय ती," त्या म्हणाल्या. "आमचे हे विहिरीत उतरले होते कामाला. मी वर भाकरी घेऊन उभी. माती खचली, ते वर आलेच न्हाईत. तो आवाज तवापासून येतो मला. खरा का आपल्यातला, ते बघाया वाटी भरून ठेवायला लागले."

"अजून?"

"व्हय. आत्ता बी येऊन राहिला."

चहाची धार जराही वाकडी झाली नाही.

आपांनी भीती घालवली आहे असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. त्या तिच्याशेजारी रोज उठतात, अंगण झाडतात आणि दुसऱ्याचं लेकरू वाचवतात. तिथे बसून मला त्यांच्यासाठी रडू आलं. पंचाहत्तरीच्या शुभेच्छा देताना तो आवाज थांबो, असं मागायला माझी जीभ धजत नाही; एवढं मागून मिळत नसावं. आपा, शंभरी गाठा, गुडघे धडधाकट राहोत, डोळ्यांना सुईचं नेढं दिसत राहो. आणि यापुढे तो आला, की एकट्या ऐकत बसू नका. मला हाक मारा.