लग्नाला गेलेला टँकर

नाही म्हणायची वेळ आली की मेंबर खोकत. समोरचा काय ते ओळखून उठून जाईल, अशी त्यांची आशा असे. पण सिल्वासातल्या लोकांना ही सवय पाठ होती. ते खोकला थांबेपर्यंत बसून राहत. "पाणी देऊ का, मेंबर?" असंही एखादा शांतपणे विचारी. मग मेंबर होकार देत.

मी कोकणातून इथल्या शाळेत आलो तेव्हा त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहिलो. ते मूळचे धुळ्याकडचे. कारखान्यात फिटर म्हणून आलेले, पुढे स्वतःचं वर्कशॉप टाकलेलं. औद्योगिक वसाहतीतले कारखाने आणि आसपासची गावं मिळून एक अग्निशमन समिती होती. तिचे मेंबर मतदानाने निवडत, आणि हे त्यांपैकी एक. समितीकडे पंप बसवलेला एकच लाल टँकर होता. मेंबर सकाळी तिथे जाऊन त्याच्या टाकीवर बोटं वाजवून पाहत. "आवाज बद्द, भरल्या टाकीचा यायला पाहिजे, मास्तर," ते म्हणत. "ठण् वाजला तर आपण नुसते खुर्चीला टेकलोय."

उन्हाळ्यात लग्नं निघाली की टँकर मागायला रांग लागे. आग क्वचित लागते. लग्नं सारखी असतात, आणि मतं त्याच मांडवात असतात. बाकीचे मेंबर बिनदिक्कत टँकर देत. हे खोकत, आणि देत.

त्या वर्षी जवळच्या खेरडी गावातल्या एका म्हाताऱ्याच्या नातीचं लग्न होतं. म्हातारा खोकला संपेपर्यंत बसला आणि टँकर घेऊन गेला. दुपारी अथालच्या बाजूला धाग्याच्या एका कारखान्यात आग लागली. फोन येताच ड्रायव्हर मांडवातून निघाला आणि वेळेत पोचलाही. टँकरच्या पुढच्या बाजूला झेंडूची माळ होती. टाकीत पाणी नव्हतं.

नंदुरबारकडचा एक कामगार बाहेर पडून फाटकाशी उभा होता. त्याचा जोडीदार आत राहिला होता. टँकर आलेला पाहून तो पुन्हा आत गेला. दोघेही परत आले नाहीत.

चौकशीत कारण शॉर्टसर्किट ठरलं. टँकरचा विषय कुणी काढला नाही. प्रत्येकाच्या घरचं एखादं कार्य त्याच पाण्यावर झालं होतं. मेंबरांनी राजीनामा दिला, तेव्हा खेरडीचा म्हातारा माणसं घेऊन आला. "यात तुमचा काय वांक, काय दोष, मेंबरभाई?" म्हणाला, आणि हार घातला. रिकामी जागा भरायची वेळ आली तेव्हा तेच बिनविरोध निवडून आले. त्या संध्याकाळी जिन्याच्या पायरीवर बसून ते मला म्हणाले, "टँकर आलाच नसता, तर तो पोरगा आत गेला नसता, मास्तर."



त्यानंतर मेंबर सरळ नाही म्हणू लागले. पुढाऱ्यांना, कारखानदारांना, शेजाऱ्यांना. स्वतःच्या मुलीच्या लग्नातही त्यांनी पाणी दुसरीकडून आणलं. ते कमी पडलं, तेव्हा मेंबराच्या दारात पाण्याची बोंब, असं व्याही चारचौघांत बोलले. खेरडीहून कुणी फिरकलं नाही. पुढच्या निवडणुकीत ते पडले, आमच्या गल्लीतसुद्धा. मग ते घराबाहेर फारसे पडेनात. मी शाळेतून आलो की एवढंच विचारत, टँकर जागेवर आहे का. बहुधा नसे.

गेल्या उन्हाळ्यात ते गेले. तेराव्याच्या सकाळी नव्या मेंबरने, कुणी न मागता, आदर म्हणून टँकर पाठवून दिला. आचाऱ्याने पिंपं पुढे ओढली. तेवढ्यात वहिनी, मेंबरांच्या पत्नी, ओट्यावरून उतरून टँकरच्या नळापुढे उभ्या राहिल्या. ड्रायव्हर म्हणाला, साहेबांनी दिवसभर इथेच ठेवायला सांगितलंय.

"भरलेला आहे तसा जागेवर नेऊन लाव," वहिनी म्हणाल्या. "आणि साहेबांना सांग, या घरात हा चालत नाही."

शेजारपाजारहून कळशांनी पाणी आणेपर्यंत दुपार कलली. पंगत उशिरा बसली. जेवायला आलेले कुरकुरत होते. वहिनी वाढत राहिल्या. उशीर झाला म्हणून त्यांनी कुणाचीही माफी मागितली नाही.