एकोणीस जणांची नात

बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या दुसऱ्या वर्षी मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्गात होते आणि सोलापुरात मला राहायला जागा नव्हती. मुलींच्या हॉस्टेलची यादी लागली, तीत माझं नाव नव्हतं. वडील मैंदर्गीहून मुद्दाम आले, यादी दोनदा वाचली आणि म्हणाले, "चल घरी. शिकलीस तेवढं लई झालं." घरी अक्कलकोटकडचं एक स्थळ सांगून आलेलंच होतं. मुलगा बरा आहे म्हणे. मी त्याला पाहिलंही नव्हतं, तरी मला त्याचा भयंकर राग आला होता.

मला वाचवलं ते आमच्या गल्लीतल्या अज्जीनं. आमच्याकडे आजीला कानडीतून अज्जी म्हणतात. हिला मूलबाळ नव्हतं. नवरा गेल्यावर ती सोलापुरात, एका ट्रस्टनं चालवलेल्या म्हाताऱ्यांच्या वसतिगृहात येऊन राहिली होती. परतीच्या एस.टी.ला वेळ होता म्हणून वडील मला घेऊन तिला भेटायला गेले. अज्जीनं माझं तोंड पाहिलं आणि सगळं ओळखलं. "ठेव की पोरीला माज्यापाशी," ती वडलांना म्हणाली. "हितं सगळी म्हातारीच हायती. तिला खानार हाय का कोन?" वडलांना ते पटलं. तरण्या पोरीला शहरात ठेवायला म्हाताऱ्यांच्या घोळक्यापेक्षा सुरक्षित जागा कोणती असणार? जाताना त्यांनी एकच अट घातली, की इथली जागा गेली तर दुसऱ्या दिवशी घरी यायचं, मग परीक्षा असो की काही असो.

वसतिगृहाच्या दारात नियमांची पाटी होती. ती वडलांनीही वाचली नाही आणि मीही. रहिवाशाच्या नातेवाइकाला जास्तीत जास्त आठ दिवस राहता येईल, असं तीत लिहिलेलं होतं. अज्जीनं मला तिथल्या पाहुण्यांच्या वहीत नात म्हणून लिहिलं होतं. आठ दिवस भुर्रकन संपत आले आणि सातव्या दिवशी मी ट्रंक भरायला घेतली.

तिथं एक निवृत्त मास्तर राहायचे. जन्मभर मुलांना खरं बोलायला शिकवलेले, काटकुळे आणि चिडके. ते त्या संध्याकाळी हात मागे बांधून पाटीपुढं बराच वेळ उभे राहिले. मग अज्जीच्या दारात येऊन म्हणाले, "आठ दिवस असं लिहिलंय. त्यानंतर दुसऱ्या रहिवाशाकडे पाहुणी म्हणून जायचं नाही, असं कुठंही लिहिलेलं नाही. उद्यापासून ही माझी नात." अज्जी म्हणाली, "आनि त्याच्यानंतर?" मास्तरांनी खिशातून कागद काढला. त्यावर त्यांनी शाळेचं आखावं तसं वेळापत्रक आखलेलं होतं. रहिवासी एकोणीस होते. प्रत्येकाचे आठ दिवस.

माझी खाट अज्जीच्याच खोलीत राहिली. दर आठ दिवसांनी बदलायचे ते फक्त आजी नाहीतर आजोबा. मला वाटलं होतं, हा कागदोपत्री मामला आहे. पण त्या माणसांनी तो अगदी मनावर घेतला. ज्याची पाळी असेल त्याच्याकडे सकाळचा चहा घ्यायचा, जेवताना त्याच्याशेजारी बसायचं आणि कॉलेजातून आलं की आधी त्याला तोंड दाखवायचं. दुसऱ्या कुणी मला काही सांगायला गेलं की पाळीवाला फटकन म्हणायचा, "तुमची पाळी आली की सांगा."

माझे सख्खे आजी-आजोबा माझ्या जन्माआधीच गेले होते. नात म्हणून कसं वागायचं असतं हे मला ठाऊक नव्हतं आणि त्यात स्वभाव तापट. कुर्डुवाडीहून निवृत्त झालेले एक इंजिन ड्रायव्हर होते, त्यांना सगळे ड्रायव्हरचाचा म्हणायचे. त्यांच्या आठवड्यात मी कॉलेजातून आले की ते घड्याळ घेऊन फाटकात उभे असायचे. "छे मिनिट लेट. कारण?" मी एकदा वैतागून म्हटलं, "सिग्नल मिळाला नाही." त्यावर ते इतके खूश झाले, की पुढं तीन दिवस भेटेल त्याला ते सांगत सुटले.

त्यांच्या शेजारच्या खोलीत एक विणकर होते, घरी तेलुगू बोलणारे. तेलुगूत आजोबाला ताता म्हणतात, म्हणून सगळ्या वसतिगृहाचे ते ताता. मी बाजारातून आणलेली चादर त्यांनी बोटांत धरली आणि तोंड वाकडं केलं. "हे काय कापड हाय की? गाळणं हाय!" मग आपल्या ट्रंकेतली चादर काढून माझ्या खाटेवर घातली. त्यांच्या आठवड्यात रोज संध्याकाळी ते मला तुटलेला धागा जोडायला शिकवायचे. गाठ नखाला लागता कामा नये, लागली की परत. मी चिडायचे, धागा फेकून द्यायचे, परत उचलायचे. पण रसायनाच्या प्रॅक्टिकलला ब्युरेटची काचनळी धरताना माझा हात थरथरायचा तो त्यानंतर थरथरायचा थांबला, हे कबूल केलं पाहिजे.

अज्जीचा आठवडा तेलाचा. तिच्या हातून सुटलेलं डोकं मी दोन दिवस कॉलेजात लपवत फिरायचे. मास्तरांचा आठवडा तपासणीचा. रसायनशास्त्रातलं त्यांना काही कळत नसे, पण मी घरी लिहिलेल्या पत्रांतल्या मराठीच्या चुका ते लाल शाईनं काढून ठेवायचे. एकदा अज्जी आणि मास्तर मला कुणी बाजारात न्यायचं यावरून भांडत होते, तेव्हा मी ओरडले, "मी काय रेशनची साखर आहे वाटून घ्यायला?" अज्जी शांतपणे म्हणाली, "साकर मिळतीया कुटं? तू तरी मिळालीस."

ट्रस्टचे सेक्रेटरी बाळीवेशीतले भुसार व्यापारी होते. महिन्याच्या पहिल्या रविवारी ते यायचे. नजर अधू, भिंगं जाड. मी समोर दिसले की विचारायचे, "ही कुणाची?" पाळीवाला पुढं होऊन म्हणायचा, "माझी." ते मान हलवायचे, चहा घ्यायचे आणि वहीवर सही करून जायचे. असे नऊ महिने गेले. दुसरी फेरी संपत आली होती आणि परीक्षा महिन्यावर आली होती.

वहीतल्या नोंदी मास्तर स्वतः तपासायचे, म्हणून इतके दिवस निभावलं. मार्चच्या आरंभी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डोळ्याला पट्टी बांधून ते पडून राहिले. नेमके त्याच दिवसांत तातांचे आठ दिवस संपून ड्रायव्हरचाचांचे सुरू होत होते. दोघांनी आपापल्या हातानं नोंद केली. आता झालं असं, की जन्मभर रेल्वेत काढलेल्या माणसाची तारीख रात्री बाराच्या ठोक्याला बदलते. आणि तातांचा दिवस सूर्य उगवल्यावर सुरू व्हायचा आणि दुसऱ्या दिवशी सूर्य उगवेपर्यंत चालायचा. त्यामुळे चाचांनी मला गुरुवारपासून लिहिलं आणि तातांनी गुरुवारपर्यंत. एकाच तारखेला एकच मुलगी, दोन आजोबा, एक हिंदू आणि एक मुसलमान. रविवारी सेक्रेटरींना जाड भिंगांतूनसुद्धा ते दिसलं.

सेक्रेटरींनी वही मागं मागं उलटत नेली. मग सगळ्यांना जेवणाच्या खोलीत बोलावलं. मास्तरही भिंत धरत आले.

"ही तुमची नात?" सेक्रेटरींनी ड्रायव्हरचाचांना विचारलं.

"जी साब. मेरी पोती."

"आणि तुमची?"

"माझीच हाय की," ताता म्हणाले.

"अहो, गुरुवारी ही दोघांची कशी असेल?"

खरं तर इथं दोघांनी गप्प बसायचं होतं. पण ताता चाचांकडे वळले. "गुरुवार तुमी कसा काय लिव्हला? पयला चहा तिनं उजाडायच्या आदी माझ्याकडं घेतला!"

"तारीख रात कू बारा बजे बदलती," चाचा म्हणाले. "चहा किधर भी पिव. गुरुवार मेरा."

"रात्री बाराला काय दिवस असतो होय? अंधार असतो!"

"रेल्वे अंधार में भी चलती!"

सेक्रेटरी समोर आहेत हेच दोघं विसरले. पाळ्या, वेळापत्रक, कुणी कुणाला एक दिवस उसना दिला, सगळं त्या भांडणात बाहेर आलं. सेक्रेटरींनी टेबलावर हात आपटला आणि माझ्याकडे पाहिलं. "पोरी, तूच सांग. तू कुणाची नात?"

मला वाटलं, या सगळ्यांना माझ्यापायी बोलणी बसणार. आणि माझा अभिमानही आडवा आला, खोटं कशाला बोलायचं म्हणून. मी मान ताठ करून म्हटलं, "कुणाचीच नाही. मी यांची कुणीही लागत नाही. चूक माझी आहे."

सेक्रेटरी म्हणाले, "मग आठ दिवसांत जागा सोड. वडलांना पत्र मी टाकतो." वही काखेत घालून ते निघून गेले.

मला वाटलं होतं, कुणीतरी माझ्या पाठीवरून हात फिरवेल. कुणीच आलं नाही. ताता आणि चाचा भांडण विसरून एकाच बाकावर बसले होते आणि दोघंही जमिनीकडे पाहत होते. संध्याकाळी मी रोजच्यासारखी मास्तरांच्या डोळ्यात थेंब घालायला गेले तर ते म्हणाले, "राहू दे. परक्या माणसाला त्रास कशाला?" खोलीत अज्जी भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी ट्रंक ओढली तेव्हा ती तशीच म्हणाली, "वहीत लिव्हलं ते खोटं आसंल, व्हय. पन तेल लावलं ते खोटं न्हवतं. आमी एकोनीस जनं तुला आमची म्हन्लो आनि तू एकटी न्हाय म्हन्लीस. लई शानी."

मी ट्रंकेवर बसून रडले. जागा गेली म्हणून नाही, परीक्षा बुडणार म्हणूनही नाही. मी जे बोलले ते खोटं होतं आणि ते मला माहीत होतं.

सकाळी उठून मी चालत बाळीवेशीत गेले. सेक्रेटरी दुकान उघडत होते. मी म्हटलं, "काल मी खोटं बोलले."

"काल तेवढी तूच खरं बोललीस," ते म्हणाले.

"नाही. मला सहा मिनिटं उशीर झाला तर मी ड्रायव्हरचाचांना कारण देते. परक्याला कुणी कारण देतं का? अज्जी तेल लावते तेव्हा मी तिच्यावर ओरडते. परक्या माणसावर कुणी असं ओरडतं का? मी त्यांची नात आहे. सगळ्यांची आहे. जागा द्यायची नसेल तर देऊ नका, पण ते वहीत खोडू नका."

सेक्रेटरींनी पोत्यातले मूठभर तांदूळ घेतले, पाहिले, परत टाकले. मग त्यांनी विचारलं, "मास्तरांच्या डोळ्यात थेंब कोण घालतं?"

"मी. काल घालू दिले नाहीत."

"मग जा, आधी ते घाल." मी वळले तशी त्यांनी हाक मारली. "आणि त्या दोघांना सांग, यापुढं तारखेबरोबर वेळही लिहीत चला म्हणावं. एका वेळी एकच आजोबा."

मी पळत आले. सगळे जेवणाच्या खोलीतच होते. मी धापा टाकत सांगितलं, की मी राहणार, परीक्षेपर्यंत राहणार. ताता उठून उभे राहिले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, "मग गुरुवार कुणाचा ठरला?" मी म्हटलं, "दोघांचा." ते दोघांनाही पटलं नाही. मास्तरांनी डोकं मागं टाकलं आणि डोळा माझ्यापुढं केला.

मी पास झाले आणि दूरच्या एका गावी शाळेत विज्ञान शिकवायला लागले. लग्न केलं ते माझ्या मनानं, थोडं उशिरा. लग्नात माझ्या बाजूला आजी-आजोबांची एक अख्खी रांग बसली होती आणि अक्षता आधी कुणी टाकायच्या यावरून तिथंही वाद झाला.

मग दर काही महिन्यांनी पोस्टकार्डं यायला लागली. पहिलं तातांचं आलं, त्यानंतर मास्तरांचं. प्रत्येक वेळी मी रजेचा अर्ज लिहायचे, "आजोबा वारले." ड्रायव्हरचाचांच्या वेळी हेडमास्तरांनी अर्ज हातात धरून माझ्याकडे पाहिलं. माणूस वाईट नव्हता, पण त्यालाही हिशोब लागेना. "बाई," ते म्हणाले, "हे तुमचे कितवे आजोबा?"

"सहावे," मी म्हटलं. रजा मंजूर झाली की नाही हे न विचारताच मी सोलापूरची गाडी पकडली.