भेगेवरची काच

आमच्या कचेरीचा चौकीदार शर्टाच्या खिशात काचेच्या पट्ट्या घेऊन हिंडायचा. इमारत रायपूर राजधानी व्हायच्या कितीतरी आधीची, शहरातली पहिली लिफ्टवाली. "ही उठली तेव्हा लोक ब्राह्मणपाऱ्यातून लिफ्ट पाहाले येत, भैया," असं प्रत्येक नव्या माणसाला ऐकवून तो भिंतीवर थाप मारायचा.

माझ्या टेबलामागे भेग पडली, तेव्हा इंजिनिअरने तिच्यावर आडवी काचपट्टी बसवली. भेग वाढली की काच तडकणार, आणि काच तडकली की इमारत पाडणार. पट्टीवर नजर ठेवायचं काम या चौकीदाराकडे आलं. मला तो जागेवर डोळा असलेल्या बिल्डरला सामील वाटायचा. एक दिवस हाच काच फोडेल, याची मला खात्री होती.

जेवणाच्या सुट्टीत एकदा चष्मा घ्यायला परतलो, तर तो तडकलेली पट्टी खरवडून त्या जागी नवी बसवत होता. मी आल्या पावली फिरलो आणि कुणालाच काही बोललो नाही. इमारत गेली की कचेरी शहराबाहेर दूर नव्या रायपूरला जाणार होती, आणि रोज तेवढी बस मला नको होती.

पुढे एका रविवारी छताचा तुकडा माझ्या रिकाम्या खुर्चीवर कोसळला.

इमारत पाडत होते, तेव्हा आम्ही दोघं रस्त्यापलीकडे उभे होतो.

"त्या दिवशी तुम्ही मले पाहिलं होतं," तो मशीनकडे पाहतच म्हणाला.

"हव."

"मग बोलले काहून नाही? माहा तर जीव होता तिच्यात. तुमचं काय होतं जी?"