आमच्या आंब्यावरचं बांडगूळ

उमेळ्यातली वाडी बिल्डरला दिली तेव्हा बाबांनी विहिरीचा रहाट मागून घेतला आणि मी बांडगूळ. रहाट ठेवायला फ्लॅटमध्ये जागा कुठली, तो शेवटी भंगारात गेला. माझं बांडगूळ पिशवीत मावलं.

बांडगूळ हा बाबांचा शब्द. खरं तर ते ऑर्किड. सीतेची वेणी म्हणतात त्याला. जाड, पट्टीसारखी पानं आणि पावसाच्या तोंडावर खाली लोंबणारा गुलाबी-पांढऱ्या फुलांचा घोस. झाडाचं ते काही खात नाही, नुसतं फांदीला धरून राहतं. पण वाडीवाल्याला हे पटवणार कोण? दर वर्षी बाबा शिडी लावायचे आणि कोयत्याच्या पाठीने आंब्याचं खोड खरवडून साफ करायचे. आंबा तोडला त्या दिवशी वरच्या एका फांदीवर, कोयता पोचला नसेल अशा जागी, एक रोप सापडलं. मी फांदीचा तेवढा तुकडा कापून घेतला.

"आंबा गेला आनि बांडगूळ घरात आनलंस," बाबा म्हणाले.

मला सणकून राग आला. वाडीतलं जिवंत असं तेवढंच उरलं होतं आणि ते मी काही केल्या मरू देणार नव्हते. इमारत उभी राहीपर्यंत भाड्याच्या घरात मोरीच्या खिडकीत ते कसंबसं तगलं. मग आम्ही दोघं तिसऱ्या मजल्यावर राहायला आलो. आई त्याआधीच गेली होती. सामान लावायच्या आधी मी तो तुकडा स्वयंपाकघराच्या ग्रिलला तारेने बांधला. बाबा त्या खिडकीकडे फिरकायचे नाहीत. तिथून खाली पार्किंग दिसतं, आणि पार्किंगच्या जागी आमची विहीर होती.

पाण्यानेच पहिला घात केला. इमारतीच्या बोअरला खारं पाणी. पानांची टोकं काळी पडायला लागली. पावसाळ्यात पिंपात धरलेलं पाणी दिवाळीनंतर संपलं, तेव्हा मी शेजारच्या काकूंच्या एसीच्या नळीखाली बादली लावायची परवानगी मागितली. काकू हसत म्हणाल्या, "अगं, विहीरवाल्या घरची तू, आणि आता एसीचं पाणी गोळा करतेस?" लागलं मला ते. पण बादली लावली. त्या पाण्यात क्षार नसतात, पानं सुधारली, मग कोण काय बोलतं याची मी फिकीर सोडली.

त्यानंतर मी मावसबहिणीच्या लग्नाला कोल्हापूरला गेले. परत येऊन पाहते तर ग्रिलवर नुसती तार. रोप रंगाच्या जुन्या डब्यात उभं, भोवती लाल माती, शेणखत आणि वर भरपूर पाणी. मी कपाळावर हात मारला.

"बाबा, हे काय केलंत?"

"उघडी मुळं बघवत नव्हती, बाय. झाड काय असं टांगून ठेवतात? चांगलं खत घातलंय."

जन्मभर केळी लावलेला माणूस. त्याच्या दृष्टीने उघडं मूळ म्हणजे झाडाचे हाल. मी खूप बोलले. नको तेवढं बोलले. मग मातीतून रोप उपसलं, धुतलं, कुजलेली मुळं कात्रीने छाटली, कापल्या जागी हळद लावली. हाताशी राहिली दोन-तीन मुळं. तीच, बाबांनी बाजूला टाकलेल्या आंब्याच्या त्या तुकड्यावर सुतळीने बांधली आणि तो पुन्हा ग्रिलला अडकवला. बाबा दारात उभे राहून बघत होते. दुसऱ्या दिवशी काकूंकडची बादली तेच घेऊन आले.

रोप कित्येक महिने ढिम्म. माझी जिद्द होती, पण भीतीही वाटायची. मग मुळाचं एक हिरवं टोक फुटलं. ते लाकूड ओलांडून पुढे सरकलं आणि थेट ग्रिलच्या गजाला चिकटलं. त्याच्या मागोमाग दुसरं. आता ते सोडवायचं म्हटलं तर मुळं तुटणार हे नक्की.

यंदा सोसायटीने रंगकाम काढलं. दोरांना टांगलेल्या फळीवर बसून रंगारी ग्रिलचा गंज खरवडत आमच्या खिडकीशी आला. मी पोळ्या लाटत होते. "भाभी, ये घास निकालना पडेगा," तो म्हणाला आणि पत्र्याची पट्टी मुळांवर टेकवली. माझ्या हातात पोळी, तव्यावर पोळी. मी ओरडायच्या आत बाबा हॉलमधून धावत आले आणि त्यांनी गजावर हात आडवा धरला.

"घास नाय ते. हात लावायचा नाय."

"काका, बाहर से लाया है ना? दूसरी जगह बाँध दो."

"बाहेरून नाय आनलं," बाबांचा आवाज चढला. "ते इथलंच हाय. बिल्डिंग मागून आली."

तव्यावरची पोळी करपली. माझे डोळे भरून आले होते आणि मला ते लपवायचंही नव्हतं. रंगारी खांदे उडवून पुढे सरकला.

तेवढा गज गंजकाच राहिलाय. रोप अजून फुललेलं नाही. फुलेल तेव्हा फुलेल, मला घाई नाही. बाबांना आहे. रोज सकाळी चहा घेऊन ते त्या खिडकीत उभे राहतात, पानांच्या बेचक्यात डोकावतात आणि मला हाक मारतात, "बाय, बघ जरा. आज काय दिसतंय काय?"