गुलाबांना पाजलेलं मीठ

आज पूजेच्या तबकात कोरांटीची पिवळी फुलं दिसली आणि वीस वर्षांपूर्वीचा माझा संताप पुन्हा उसळला.

हे तेव्हा मिठाच्या कचेरीत कारकून. खाडीकाठच्या कोलशेतला बिऱ्हाड केलं आणि दसरा होताच ह्यांनी आगगाडीने मुंबईहून विलायती गुलाबाची बारा रोपं आणली. शेजारची बारकीबाय मिठागरात राबणारी. तिने कोरांटीच्या चार फांद्या आणून दिल्या.

"बाय, दिवाली झाली का या इहिरीचा पानी खारा होते. ही आताच वल्या मातीत खोव, मंग तिला पानी नको."

"गुलाबांत कोरांटी?" म्हणत ह्यांनी फांद्या कुंपणापाशी भिरकावल्या. मी त्या तिथेच खोवल्या.

दिवाळी सरली, पाणी मचूळ झालं, गुलाबाची पानं कडेने करपली.

"अहो, मिठाच्या कचेरीत नोकरी तुमची! पाणी चाखून तरी पाहा."

"तहानलीत ती. आणखी दोन घागरी घाल."

घातल्या. महिनाभर माझ्याच हातांनी मी बारा गुलाबांना मीठ पाजून मारलं. थेंबभर पाणी न मागता कोरांटीला मात्र पालवी फुटली.

आज तीच फुलं देवाला वाहून हे पाहुण्यांना सांगत होते, "तेव्हा घागरी घातल्या, म्हणून ही बाग उभी आहे."