बोलायचा आकडा

बँकेच्या रांगेत माझ्या पुढे शकुंतलाबाई होत्या. आमच्या पेठेत त्यांचं बांगड्यांचं दुकान आहे. क्रेडिट कार्डाची सगळी बिलं त्यांनी सेफ्टी पिनेत ओवून आणली होती.

"एक दिवस उशीर केला नाही मी. मग लेकीच्या फीसाठी कर्ज का नाही? क्रेडिट स्कोअर कसा उतरला?"

"काकू, तुम्ही दर महिन्याला फक्त किमान रक्कम भरलीत," काउंटरवरची मुलगी हळू आवाजात म्हणाली. "बाकीच्यावर व्याज चढत गेलं. कार्डाची मर्यादा पार संपत आलीय, म्हणून स्कोअर उतरला."

बाईंनी बिलावरच्या एकूण आणि किमान रकमेवरून बोट फिरवलं. "दोन आकडे होते. मला वाटलं, वरचा बोलायचा आणि खालचा घ्यायचा."

मागे कोणीतरी हसलं. मला त्या हसण्याचाच राग आला. बाईंनी जन्मभर शंभर सांगून ऐंशी घेतले. गिऱ्हाईक खूश होऊन जावं, एवढाच त्यातला डाव. छापील बिलामागेही आपल्यासारखाच कोणी दुकानदार बसला असेल, असं त्यांनी धरलं. समोरच्याला आपल्यासारखं समजणं ही चूक म्हणायची, तर मीही ती कितीदा केली आहे.

परवा त्यांच्याकडे बांगड्या भरल्या. "शंभर," त्या म्हणाल्या. घासाघीस करायला जीभच रेटेना. मी मुकाट्याने शंभराची नोट पुढे केली.

त्यांनी वीस रुपये माझ्या मुठीत कोंबले.

"तो बोलायचा आकडा, ताई. तेवढे घ्यायचे नसतात."